नागपुरातून स्वतःचा सॉफ्टवेअर व्यवसाय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूर, वर्धा, भंडारा, अमरावती इकडून जे प्रश्न सारखे येतात, ते इथे एकत्र केले आहेत. विचारणारे साधारण तीन प्रकारचे: मिहानमध्ये (नागपूरच्या विशेष आर्थिक क्षेत्रात) नोकरी करणारे, नुकतंच इंजिनिअरिंग संपवलेले आणि वर्षानुवर्षं दुसऱ्यांची कामं करून देऊन कंटाळलेले. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. जिथे तीच गोष्ट पुन्हा सांगावी लागली असती, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. कराचे आकडे बदलतात, त्यामुळे रिटर्न भरायच्या आधी सीएला विचारणं तुमच्याकडे.

१. स्वतंत्र सॉफ्टवेअर व्यवसाय म्हणजे काय? स्टार्टअपच ना?

स्टार्टअप म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर गुंतवणूकदार येतो. इथे तो नसतो. पगार, सर्व्हर, भाडं सगळं ग्राहकाच्या पैशातून निघतं आणि काय बनवायचं हे मालक ठरवतो. झोहो १९९६ साली अ‍ॅडव्हेंटनेट या नावानं सुरू झाली आणि बाहेरचं भांडवल न घेता वाढली. अमेरिकेतल्या मेलचिंपनंही २००१ पासून कोणाचा पैसा घेतला नाही. २०२१ साली इन्ट्यूइटनं ती सुमारे १२ अब्ज डॉलरना विकत घेतली. ही टोकाची उदाहरणं झाली. या पानावरची उत्तरं एक ते दहा माणसांच्या धंद्यासाठी आहेत.

२. नागपुरात राहून जमेल का? शेवटी पुण्याला जावंच लागतं ना?

नोकरीसाठी लोक जातात. धंद्यासाठी जायचं कारण आम्हाला अजून कोणी पटवून दिलेलं नाही. मिहानमध्ये टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल आहेत, परसोडीच्या आयटी पार्कात पर्सिस्टंट आहे. व्हीएनआयटी, २०१६ साली सुरू झालेली आयआयआयटी, रामदेवबाबा, वायसीसीई यांतून दरवर्षी मुलं बाहेर पडतात. कोड लिहिणारा माणूस इथे मिळतो. मिळत नाही तो सॉफ्टवेअर विकलेला, किंमत ठरवलेली, ग्राहक टिकवलेला माणूस. ती बाजू तुम्हालाच शिकावी लागेल.

उलट एक गोष्ट इथे फार सोपी आहे. कळमन्याचं मार्केट यार्ड, इतवारीतली घाऊक दुकानं, गांधीबागचा कापडबाजार, वाडीचे ट्रान्सपोर्टर, हिंगणा आणि बुटीबोरीचे कारखाने, धंतोली-रामदासपेठेतले दवाखाने, असे इतके वेगवेगळे धंदे गाडीला किक मारून पोचता येतील एवढ्या अंतरावर आहेत. बंगळुरूत बसून कळमन्याच्या अडत्यासाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्याला हे मिळत नाही. (मे महिन्यात मात्र दुपारी डेमो ठेवू नका. पंचेचाळीस डिग्रीत सेठ ऐकून घेतात, पण लक्ष कूलरकडे असतं.)

ग्राहक परदेशी असतील तर तुम्ही कोणत्या शहरात बसता हे कोणी विचारतही नाही. त्यांच्याकडून पैसे कसे घ्यायचे ते प्रश्न १३ मध्ये.

३. कोडिंग येतं, पण आयडियाच सुचत नाही. काय बनवू?

सुचायची वाट पाहू नका, बघायला जा. एका धंद्यात ओळख काढा आणि त्यांच्या गल्ल्याशेजारी आठवडाभर बसा. तीन खुणा शोधायच्या. एकच आकडा दोन ठिकाणी हातानं लिहिला जातोय का? एखाद्या कागदावाचून पैसे अडकून पडतात का? आणि फक्त टायपिंग करायला पगारी माणूस ठेवला आहे का?

वाडीतल्या ट्रान्सपोर्टरचं बघा. माल पोचला, ट्रकवाल्याचं भाडं देऊन झालं, पण ज्याचा माल होता ती कंपनी बिल पास करत नाही, कारण सही-शिक्क्याची पोच, ज्याला ते पीओडी म्हणतात, ती ड्रायव्हरच्या डॅशबोर्डवर रायपूरला पडलेली आहे. बिल्टी, म्हणजे मालाची पावती, छापणारी सॉफ्टवेअरं पुष्कळ आहेत. पण ‘कोणत्या बिल्टीची पोच आली नाही, त्यापायी किती रुपये अडकलेत आणि कोणत्या ड्रायव्हरला फोन करायचा’ एवढंच सकाळी दहा वाजता दाखवणारी गोष्ट बनवली, तर ट्रान्सपोर्टर तिचे पैसे देईल. कारण ती त्याचे पैसे मोकळे करते.

कळमन्यात अडत्याकडे गेलात तर वेगळं चित्र. शेतकऱ्याची पट्टी (म्हणजे विक्रीचा हिशोब), त्यातली हमाली, तोलाई, आधी दिलेली उचल, खरेदीदाराकडची उधारी, आणि हे सगळं पहाटेपासून दुपारपर्यंतच्या घाईत. तिथे चार क्लिक लागणारं सॉफ्टवेअर कोणी वापरणार नाही. आकड्यांच्या की-पॅडवर एका हातानं चाललं पाहिजे.

आणखी एक खाण म्हणजे सरकारी नियम. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, एप्रिल २०१८ पासून मालवाहतुकीचं ई-वे बिल, मग सरकारी पोर्टलवर नोंदवायचं ई-इन्व्हॉइस. ते ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटींवरच्या उलाढालीला लागू झालं आणि ऑगस्ट २०२३ पर्यंत ५ कोटींवरच्या व्यापाऱ्यापर्यंत खाली आलं. प्रत्येक टप्प्यावर हजारो व्यापाऱ्यांना एकाच महिन्यात काहीतरी नवं लागलं. अशा वेळी तयार असलेला माणूस विकतो. पण लक्षात घ्या, नियमावर उभा राहिलेला धंदा नियमाबरोबर धावतच राहतो. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले, तेव्हा बिलिंग सॉफ्टवेअरवाल्यांचं नवरात्र कसं गेलं ते त्यांनाच विचारा.

४. नोकरी सोडून सुरू करू की नोकरी करता करता?

घरखर्चाचे किमान सहा-आठ महिने बाजूला असतील आणि पैसे देणारा एक तरी ग्राहक असेल, तर सोडायचा विचार करा. ‘पैसे देतो म्हणणारा’ ग्राहक मोजू नका.

नोकरीत असताना सुरू करणार असाल तर नेमणूकपत्र काढून नीट वाचा. बाहेरचं काम करायला मनाई आहे का, आणि नोकरीच्या काळात लिहिलेल्या प्रत्येक कोडवर कंपनी हक्क सांगते का, या दोन कलमांवर सगळं अवलंबून आहे. कंपनीचा लॅपटॉप, ईमेल, तिचे सॉफ्टवेअर परवाने यांना हात लावू नका. मालकीचा कायदा प्रश्न १४ मध्ये आहे.

५. कोडिंग अजिबात येत नाही. आता एआय लिहून देतं म्हणतात. मग?

पहिली आवृत्ती नक्की उभी राहील. डेमोही छान दिसेल. अडचण मार्चअखेरीला येते, जेव्हा एखाद्या व्यापाऱ्याची शिल्लक अठरा हजारांनी चुकते आणि तो फोनवर थांबलेला असतो. दुसऱ्याच्या पैशांचा, तब्येतीचा किंवा पगाराचा हिशोब ठेवणारं सॉफ्टवेअर असेल, तर त्यातला कोड वाचून समजणारा एक माणूस भागीदार म्हणून हवाच. ज्या धंद्याची तुम्हाला आतून माहिती आहे तो धंदा तुम्ही आणा, तो माणूस कोड आणेल. ही जोडी दोन कोडरांच्या जोडीपेक्षा बरी चालते असं आमचं मत आहे.

६. पहिले दहा ग्राहक कुठून आणायचे?

जाहिरातीतून नाही. इतवारीत एका व्यापाऱ्याकडे सॉफ्टवेअर नीट चाललं, की शेजारचा स्वतः विचारतो, ‘भाऊ, तुमच्याकडे कोणतं आहे?’ म्हणून पहिले दहा ग्राहक एकाच बाजारात, जमलं तर एकाच गल्लीत घ्या. दहा वेगवेगळ्या धंद्यांत एकेक घेतलात तर कोणीच कोणाला तुमचं नाव सांगणार नाही.

दोन माणसं फार कामाची. एक, व्यापाऱ्याचा सीए. महिनाअखेरीला ज्याच्याकडे घाणेरडा डेटा येतो त्याला तुमचं सॉफ्टवेअर आवडलं तर तो दहा पार्ट्यांना सांगतो. दुसरा, दुकानातला मुनीम. सेठ पैसे देतो, पण वापरतो मुनीम. त्याला वाटलं की हे आपली नोकरी खायला आलंय, तर तिसऱ्याच दिवशी ‘सिस्टीम चालत नाही’ असं सेठच्या कानावर जाईल. डेमोत त्याला पुढे बसवा.

‘टॅलीत एंट्री जाते का?’ हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत येणार. टॅली हे हिशोबाचं सॉफ्टवेअर एक्सएमएलमधून डेटा आत घेतं, त्यामुळे उत्तर ‘हो’ असं देता येतं. ते देता येईल तेव्हाच बाजारात उतरा. पाहुण्या-नातलगांना ग्राहक करणं शक्यतो टाळा. ते तक्रार करत नाहीत, त्यामुळे काही कळत नाही, आणि पैसे मागायची पंचाईत होते ती वेगळीच.

७. किंमत किती ठेवू? लोक म्हणतात ‘एकदाच काय ते घ्या’.

‘एकदाच’ या मागणीला मान डोलावणं फार सोपं असतं, कारण हातात लगेच पंचवीस हजार येतात. पण तिसऱ्या वर्षीही तो ग्राहक फोन करणार, जीएसटीचा फॉर्म बदलला की नवी आवृत्ती मागणार, कॉम्प्युटर बदलला की पुन्हा बसवून मागणार. तेव्हा त्या पंचवीस हजारांतलं काही उरलेलं नसतं. मग जुन्या ग्राहकांचा सांभाळ नव्या विक्रीतून करावा लागतो आणि विक्री थांबली की सगळंच थांबतं.

वार्षिक वर्गणी ठेवा. बाजाराला ती पटत नसेल तर पहिल्या वर्षी जास्त आणि पुढे दरवर्षी एएमसी (वार्षिक देखभालीचे पैसे) अशी रचना करा. एएमसीची व्यापाऱ्याला एसी आणि लिफ्टमुळे सवय आहे. आकडा ठरवताना तुमचे तास मोजत बसू नका. त्याचं किती वाचतं ते मोजा. ज्या ट्रान्सपोर्टरचे दोन लाख पोच न आल्यामुळे अडकतात, त्याला वर्षाचे बारा हजार जड नाहीत. ज्या किराणा दुकानदाराची रोज दहा मिनिटं वाचतात, त्याला तीन हजारही जड आहेत. दोघांनाही एकच सॉफ्टवेअर विकायला निघाला असाल तर ग्राहक चुकला आहे, किंमत नाही.

फुकट वापरायला देणं पंधरा-वीस दिवसांपुरतं ठीक. ‘आधी वर्षभर वापरू द्या’ म्हणणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा.

८. मग दर महिन्याला आपोआप पैसे कापले जातील असं का नाही करायचं? परदेशात तसंच चालतं.

परदेशी ग्राहकांसाठी करा. इथे अडचण आहे. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कार्डावरून आपोआप पैसे कापायला आधी नोंदणी लागते आणि प्रत्येक वेळी किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना जाते. जून २०२२ पासून १५,००० रुपयांपर्यंतची रक्कम ओटीपीशिवाय कापता येते, त्याहून जास्त असेल तर दर वेळी ओटीपी. यूपीआय ऑटोपे जुलै २०२० पासून आहे आणि छोट्या रकमांना बरं चालतं. पण त्या आदल्या दिवशीच्या सूचनेनं ग्राहकाला दर महिन्याला आठवण होते की हे बंदही करता येतं. वर्षातून एकदा, शक्यतो त्याच्या धंद्याच्या हंगामानंतर हातात पैसा असताना, बिल पाठवा. संत्र्याच्या व्यापाऱ्याकडे हंगामाच्या तोंडाशी वसुलीला जाणारा माणूस नवखा समजावा.

९. प्रत्येक ग्राहक म्हणतो ‘एवढं एक करून द्या’. नाही म्हटलं तर जातो. काय करावं?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, आणि बहुतेक छोटे सॉफ्टवेअर धंदे इथेच बुडतात. ‘एवढं एक’ अर्ध्या दिवसाचं असतं. पण ते एका ग्राहकाच्या प्रतीत केलंत की तुमच्याकडे दोन सॉफ्टवेअरं झाली. पंधरा ग्राहकांनंतर पंधरा. मग जीएसटीचा दर बदलला की तोच बदल पंधरा ठिकाणी करायचा. पंधरा सेठांची नोकरी, आणि पीएफ एकाचाही नाही.

काही नियम आम्ही पाळतो. कोडची प्रत एकच राहील, ग्राहकागणिक फरक फक्त सेटिंगमध्ये. कोणतीही मागणी आली की ती वहीत लिहायची, मागणाऱ्याच्या नावासकट, आणि त्याला ‘लिहून घेतलं’ एवढंच म्हणायचं. एकमेकांना न ओळखणाऱ्या तीन ग्राहकांनी तीच मागितली की सगळ्यांसाठी बनवायची. एकट्यालाच लागणारी असेल तर तिचा वेगळा दर सांगायचा, आणि तो खरा दर असला पाहिजे. निम्म्या मागण्या दर ऐकून मागे जातात. म्हणजे तेवढी निकड नव्हतीच.

मागण्यांची वही चाळली की एक गंमत दिसते. घाऊक बाजारातल्या बहुतेक मागण्या छपाईच्या असतात. हमाली तोलाईच्या वर हवी, फर्मचं नाव लाल हवं, वर ‘श्री गणेशाय नमः’ हवं, खाली ‘भूलचूक देणेघेणे’ हवं. म्हणून बिलाचा नमुना ग्राहकाला स्वतः बदलता येईल अशी स्क्रीन अगदी सुरुवातीला बनवा. दिसायला क्षुल्लक काम आहे, पण वर्षभराचे फोन वाचतात.

अपवाद एक. पहिले दोन-तीन ग्राहक. त्यांनी मागितलेलं जवळजवळ सगळं करून द्या, कारण तेव्हा तुम्ही धंदा शिकत असता आणि त्यांच्याशिवाय शिकवणारं कोणी नसतं.

१०. सध्या वेबसाइट, अ‍ॅप करून देतो. त्यातून स्वतःच्या प्रॉडक्टकडे कसं वळू?

कामं एकदम बंद करू नका, घर त्यावर चालतं. आठवड्यातले दोन दिवस प्रॉडक्टचे ठरवा आणि त्या दिवशी ग्राहकाचा फोन दुसऱ्याला घेऊ द्या. कामं निवडताना एकाच धंद्यातली निवडा. पाच दवाखान्यांची कामं केलीत तर सहाव्या वेळी तेच पुन्हा लिहिताना प्रॉडक्ट काय असावं ते समोर दिसतं. फक्त ज्या ग्राहकासाठी लिहिलं त्याच्या करारात कोडची मालकी कोणाची ठरली आहे ते आधी बघा (प्रश्न १४).

११. उधारी वसूल होत नाही. काही कायदेशीर हत्यार आहे का?

आहे, आणि बऱ्याच जणांना माहीत नसतं. उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करून घ्या. ऑनलाइन होते, फुकट आहे. पैसे मागणारे एजंट भेटतील, त्यांना देऊ नका. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून तुमची नोंद असेल तर २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार खरेदीदारानं लेखी करार नसल्यास १५ दिवसांत आणि करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं, महिन्याच्या चक्रवाढीनं व्याज लागतं. सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते.

प्रत्यक्षात ज्याचा जास्त उपयोग होतो ती गोष्ट दुसरीच. १ एप्रिल २०२४ पासूनच्या आकारणीत आयकराचा नियम असा आहे की सूक्ष्म-लघु उद्योगाला ठरल्या मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च ज्या वर्षी पैसे दिले त्याच वर्षी धरला जातो. म्हणजे मार्चमध्ये तुमचं बिल थकवणाऱ्या कंपनीचा करपात्र नफा वाढतो. प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक छापा, आणि फेब्रुवारीत मालकाला फोन करण्याऐवजी त्याच्या अकाउंट्स विभागाला किंवा सीएला एक साधा ईमेल टाका. भांडण न करता काम होतं.

छोट्या व्यापाऱ्याकडे यातलं काही चालत नाही. तिथे उपाय एकच: पैसे आधी, चालू नंतर. मुदत संपली की सॉफ्टवेअर बंद पाडू नका, नव्या नोंदी थांबवा आणि जुना डेटा बघायला उघडा ठेवा. दुसऱ्याची वही अडवून वसुली केली की बाजारात नाव जातं, आणि ते योग्यच आहे.

१२. प्रोप्रायटरशिप, एलएलपी की प्रायव्हेट लिमिटेड? आणि जीएसटी कधी घ्यायचा?

एकटे असाल तर प्रोप्रायटरशिपनं सुरुवात करा. शॉप अ‍ॅक्टखाली माणसं मोजकीच असतील तर महाराष्ट्रात २०१७ च्या कायद्यानुसार नुसती ऑनलाइन सूचना द्यावी लागते. ती पावती आणि उद्यमचा दाखला दाखवला की चालू खातं उघडायला सहसा अडचण येत नाही. भागीदार असेल तर एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी. तिला उलाढाल ४० लाखांच्या आणि भांडवल २५ लाखांच्या आत असेपर्यंत ऑडिट सक्तीचं नाही. प्रायव्हेट लिमिटेडला उलाढाल शून्य असली तरी दरवर्षी ऑडिट. गुंतवणूकदार घ्यायचा नसेल आणि मोठ्या कंपन्या तशी अट घालत नसतील, तर तो खर्च कशाला? स्टार्टअप इंडियाची मान्यता मात्र प्रोप्रायटरशिपला मिळत नाही.

जीएसटी नोंदणी सेवांसाठी वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की लागते. दुसऱ्या राज्यातल्या ग्राहकाला सेवा दिली तरी मर्यादा हीच आहे. इथे फसगत होते ती निर्यातीत. परदेशी ग्राहकांच्या बिलावर कर शून्य असतो म्हणून लोक समजतात की ती रक्कम मोजायची नाही. मोजायची असते. २५ लाख सगळे डॉलरमधून आले तरी नोंदणी लागते. त्यानंतर दर आर्थिक वर्षाला एलयूटी हे हमीपत्र भरून ठेवलं की कर न भरता निर्यात करता येते. एप्रिलमध्ये ते विसरणारे दरवर्षी भेटतात.

नोंदणी झाल्यावर तुमचा व्यापारी ग्राहक १८ टक्क्यांबद्दल कुरकुर करेल. तो स्वतः नोंदणीकृत असेल तर त्याला त्याचं क्रेडिट मिळतं हे शांतपणे सांगा. दवाखान्यांना ते सहसा मिळत नाही, म्हणून डॉक्टरांना किंमत करासकटच सांगायची.

१३. परदेशी ग्राहकांकडून पैसे कसे घेऊ?

दोन-चार मोठे ग्राहक असतील तर सरळ बँकेत. बँक पर्पज कोड (पैसे कशाचे आले ते सांगणारा क्रमांक) विचारेल आणि पैसे आल्याचा दाखला देईल. तो जपून ठेवा, निर्यात सिद्ध करायला तोच लागतो. खूप छोटे ग्राहक असतील तर ‘मर्चंट ऑफ रेकॉर्ड’ प्रकारची सेवा घ्या. पॅडल, लेमन स्क्वीझी या त्यातल्या. ग्राहकाला माल तेच विकतात, युरोपातला व्हॅट वगैरे तेच भरतात आणि कमिशन कापून तुम्हाला एकत्र पैसे पाठवतात. कमिशन साध्या गेटवेपेक्षा जास्त पडतं, पण सत्तावीस देशांच्या करांचा ताप वाचतो. पेपाल परदेशी पैशांसाठी चालतं; भारतातल्या भारतात त्यांनी १ एप्रिल २०२१ पासून सेवा बंद केली आहे. स्ट्राइप भारतात २०२४ पासून सरसकट नवी खाती उघडत नाही.

१४. कोड कोणाच्या मालकीचा? पेटंट घेता येतं का?

भारतात प्रोग्रॅमला १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं संरक्षण ‘साहित्यकृती’ म्हणून मिळतं, आपोआप, नोंदणीशिवाय. नुसत्या प्रोग्रॅमला पेटंट मिळत नाही.

नोकरानं नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडची पहिली मालक कंपनीच, वेगळा करार नसेल तर. पण फ्रीलान्सर नोकर नसतो. त्याच्याकडून लिहून घेतलंत आणि पैसेही चुकते केलेत, तरी लेखी हस्तांतरण नसेल तर मालकी त्याची राहू शकते. आणि कागद केला पण त्यात मुदत लिहिली नाही, तर कायदा ती पाच वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. म्हणून करारात ‘कायमस्वरूपी’ आणि ‘संपूर्ण जगात’ हे शब्द सहीच्या वर हवेतच. मित्रानं सुट्टीत मदत म्हणून लिहिलेल्या भागालाही हेच लागू आहे, आणि वाद बहुतेक वेळा मित्राशीच होतो.

जुनी कंपनी ‘दोन वर्षं याच क्षेत्रात काम करणार नाही’ असं लिहून घेते. नोकरी सोडल्यानंतरची अशी बंदी १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ खाली सहसा टिकत नाही. तिची गुपितं, ग्राहकांच्या याद्या, कोड घेऊन निघालात तर मात्र ते प्रकरण वेगळं, आणि त्यात तुमची बाजू कोणी घेणार नाही.

१५. नवे ग्राहक येतात, तरी उत्पन्न वाढत नाही. का?

जुने ग्राहक मागच्या दारानं जात असतील. महिन्याला ५ टक्के ग्राहक सोडत असतील तर शंभरातले वर्षाअखेरीला सुमारे ५४ उरतात. २ टक्के सोडत असतील तर ७८. जाहिरातीवर एक रुपया घालण्याआधी गेलेल्या प्रत्येकाला फोन करा. ‘महाग होतं’ हे पहिलं उत्तर सभ्यपणाचं असतं. थोडं बोलू दिलं की खरं निघतं: मुनीम बदलला आणि नव्याला कोणी शिकवलं नाही, किंवा पहिल्या महिन्यात जुनी शिल्लक चढवलीच नाही आणि मग विश्वास बसला नाही. दुसऱ्यावर साधा उपाय आहे. जुनी शिल्लक तुम्ही स्वतः चढवून द्या, फुकट.

१६. पहिला माणूस कोणता नेमू? डेव्हलपर ना?

नाही. फोन घेणारा. नागपुरात तो मराठी आणि हिंदी दोन्ही सहज बोलणारा हवा, आणि चिडलेल्या माणसाचं ऐकून घेणारा. कॉमर्स झालेली, टॅलीवर काम केलेली मुलगी किंवा मुलगा या कामाला इंजिनिअरपेक्षा सरस ठरतो, कारण डेबिट-क्रेडिट त्याला समजावून सांगावं लागत नाही. ग्राहक तुमचा मोबाइल नंबर सोडणार नाहीत. त्यासाठी सुरुवातीपासून सपोर्टचा नंबर वेगळा ठेवा.

१७. सरकारी कामं घ्यावीत का?

सुरुवातीला नको. सरकारी खरेदीचं जेम पोर्टल २०१६ पासून आहे, सूक्ष्म-लघु उद्योगांना बयाणा रकमेत सूटही मिळते, आणि हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत ‘ओळख आहे’ म्हणणारे बरेच भेटतात. पण काम तुमच्या प्रॉडक्टचं नसतं, त्यांच्या निविदेत लिहिलेलं असतं. म्हणजे प्रश्न ९ मधलीच अडचण, फक्त लेटरहेडवर. वर्षभराचा पगार हातात असेल तेव्हा बघा.

१८. ग्राहकांचा डेटा सांभाळायची जबाबदारी किती?

पुष्कळ. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात दंड २५० कोटींपर्यंत आहे, आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले असून टप्प्याटप्प्यानं लागू होत आहेत. दवाखाना, शाळा, पगार यांचं सॉफ्टवेअर असेल तर आत्तापासून बघा. बॅकअप रोज वेगळ्या ठिकाणी गेला पाहिजे आणि महिन्यातून एकदा तो परत चढवून पाहिला पाहिजे. न तपासलेला बॅकअप नसल्यातच जमा.

१९. मोठ्या कंपनीनं तेच फुकट दिलं तर?

बिलिंगसारख्या सर्वांना लागणाऱ्या गोष्टीत ते होतंच. वाडीच्या पोचपावत्यांत किंवा कळमन्याच्या पट्टीत शिरायला मोठ्या कंपनीला बाजार पुरेसा मोठा वाटत नाही. तुम्हाला मात्र तो पुरतो.

२०. बंद करायची वेळ आली तर ग्राहकांचं काय?

निदान तीन महिने आधी लेखी कळवा. उरलेल्या महिन्यांची वर्गणी हिशोबानं परत करा. म्हणूनच वर्षाची वर्गणी आली की ती सगळी त्याच महिन्यात खर्च करायची नसते. प्रत्येकाला त्याचा डेटा एक्सेलमध्ये आणि शक्य असेल तर टॅलीत चढेल अशा फाइलमध्ये द्या. दुसऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरवाल्याशी बोलून ग्राहक त्याच्याकडे वळवता आले तर उत्तम, त्याबद्दल तो तुम्हाला थोडे पैसेही देतो. पण यादी देण्याआधी ग्राहकाला विचारा. जीएसटी नोंदणी असेल तर ती रद्द झाल्यापासून तीन महिन्यांत जीएसटीआर-१० हे शेवटचं रिटर्न भरावं लागतं. धंदा बंद झाला म्हणून ते माफ होत नाही.